मु. पो. इंग्रजी

इंग्लंडमधला एखादा परिचित ‘इन हॉस्पिटल’ आहे असे कळले, तर मोसंबी घेऊन त्याला बघायला जावे. तो ‘इन द हॉस्पिटल’ आहे असे कळले, तर मोसंब्यांचा खर्च वाचला. तोच दुसऱ्या कोणाला तरी बघायला गेलेला असतो, नाहीतर तिथला गळका नळ दुरुस्त करत असतो. इमारत तीच, दरवाजा तोच, फिनेलचा वासही तोच. मधे एक ‘द’ काय तो आला, आणि रोग्याचा पाहुणा झाला. ‘इन प्रिझन’ असतो तो कैदी. ‘इन द प्रिझन’ असू शकतात वकील, पाद्री, भिंती रंगवणारे आणि तपासणीला येणारे साहेब. ‘इन चर्च’ असलेला मनुष्य प्रार्थना करत असतो, निदान तसा चेहरा करून बसलेला असतो; ‘इन द चर्च’ असलेला छताचे फोटो काढत असतो. हा भेद पार अंथरुणापर्यंत पोहोचला आहे. ‘इन बेड’ असतो तो झोपलेला किंवा तापाने फणफणलेला माणूस. ‘इन द बेड’ ढेकूण असतात. ढेकणाचा अंथरुणाशी संबंध माणसाइतकाच जुना आणि माणसाहून अधिक निष्ठेचा, पण इंग्रजी व्याकरण त्याला तो मान देत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, माणूस कुठे आहे हे सांगण्यासाठी म्हणून इंग्रजीत जे शब्दप्रयोग रोज वापरले जातात, ते माणूस कुठे आहे हे फारसे सांगतच नाहीत. ते सांगतात त्या जागेशी त्याचे नाते काय: तो तिथे कोण म्हणून आहे, कोणाच्या हुकमाने आहे, आणि मनात आले तर उठून बाहेर पडू शकतो का. पत्ता हा नुसता बहाणा. मराठी शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ‘इन’, ‘ॲट’, ‘ऑन’च्या गाळलेल्या जागा भरल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर लाल रेघा पडल्या. दोष मुलांचा नव्हता, मास्तरांचाही नव्हता. तर्खडकरांपासून आजच्या क्लासवाल्यांपर्यंत सर्वांनी भूगोल म्हणून जे शिकवले, ते मुळात समाजशास्त्र होते.

यावर व्याकरणवाले लगेच हरकत घेतील. त्यांचा नियम सुटसुटीत आहे: बिंदू असेल तर ‘ॲट’, चार भिंती असतील तर ‘इन’, पृष्ठभाग असेल तर ‘ऑन’. रेमंड मर्फी यांच्या १९८५ साली निघालेल्या आणि जगभर खपलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात या तीन चिमुकल्या शब्दांनी जागा कशी दाखवायची यावर सलग तीन धडे खर्च झाले आहेत. दोन अक्षरी शब्दाला प्रत्येकी एक धडा लागतो, तेव्हा नियम दिसतो तितका सुटसुटीत नसावा अशी शंका घ्यायला हरकत नाही. त्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार साक्षीदार म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन. त्यांनी आपल्या १७५५ सालच्या कोशात ‘ॲट’ म्हणजे जवळिकीची खूण असे सांगून एक फक्कड उदाहरण दिले आहे: माणूस घराच्या ‘इन’ होण्याआधी घराच्या ‘ॲट’ असतो. म्हणजे आधी उंबऱ्याशी, मग आत. चित्र झकास आहे, आणि दिंडीदरवाज्याच्या वाड्यात राहिलेल्याला तर ते चटकन पटेल. पण नियमाची परीक्षा कोशात होत नाही, ती एखाद्या इमारतीत करावी लागते. ‘कोर्ट’ घ्या. ‘ॲट कोर्ट’ असतो तो राजाच्या मर्जीतला दरबारी, ‘इन कोर्ट’ असतो तो वकिलाच्या मर्जीतला पक्षकार, आणि ‘ऑन कोर्ट’ असतो तो विम्बल्डनचा खेळाडू. यात बिंदू कुठला, डबा कुठला? दरबार हा काही टिंबाएवढा नव्हता. त्या तिघांत फरक आहे तो हातातल्या कामाचा. ‘ॲट कोर्ट’ तर इतके जागेवाचून चालणारे आहे की परदेशी राजदूत आजही सेंट जेम्सच्या दरबारात नेमले जातात, आणि इंग्लंडच्या राजाराण्यांचा अधिकृत मुक्काम १८३७ पासून बकिंगहॅम राजवाड्यात आहे. दरबार एकीकडे, राजा दुसरीकडे, राजदूत तिसरीकडे आपल्या वकिलातीत. तरी कोणी हरवलेले नाही.

नाट्यगृहाची कथा याहून नाजूक. ‘ॲट द थिएटर’ असलेल्या माणसाने तिकीट काढलेले असते. ‘ऑन द स्टेज’ असलेल्याला त्या तिकिटातला वाटा मिळायचा असतो, आणि तो या क्षणी घरी भाजी चिरत बसला असला तरी ‘ऑन द स्टेज’च राहतो, कारण तो त्याचा पेशा. इंग्लंडमध्ये ‘इन थिएटर’ मात्र शल्यविशारद असतो, आणि त्याच्यासमोर पडलेल्या प्रेक्षकाला भूल दिलेली असते. तीच गत बाकाची. ‘ऑन द बेंच’ असलेला मनुष्य न्यायमूर्ती असेल तर सर्वांत मोठा आणि फुटबॉलचा खेळाडू असेल तर राखीव, म्हणजे त्या दिवशी सर्वांत छोटा. बाक दोघांनाही टोचतच असेल, पण भाषेला त्यांच्या बसण्याशी कर्तव्य नाही.

या सगळ्याचे शिखर म्हणजे ‘ॲट होम’, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिष्ठित इंग्रज बाया आपल्या ओळखीपाळखीत छापील कार्डे पाठवत. त्यांवर बाईंचे नाव, खाली ‘ॲट होम’, खाली वार आणि वेळ. याचा अर्थ बाई एरवी घरात नसत असा नव्हे. एरवी त्या कुठे जाणार? अर्थ एवढाच की, त्या वारी त्या वेळेत आलात तर चहा मिळेल. कार्डावर बहुधा बाईंचेच नाव असे, यजमानांचे नसे. यजमान घराच्या कुठल्या कोपऱ्यात, आणि कोणत्या शब्दयोगी अव्ययाखाली, तो काळ काढत हे कार्डावरून कळत नाही. या ‘ॲट होम’चा धाकटा आणि वांड भाऊ म्हणजे ‘नॉट ॲट होम’. नको असलेला पाहुणा आला की नोकर दार किलकिले करून सांगे, बाईसाहेब घरी नाहीत. बाईसाहेब वरच्या मजल्यावर असत. पाहुण्याला ते ठाऊक असे. पाहुण्याला ठाऊक आहे हे नोकरालाही ठाऊक असे. पाहुणा आपले कार्ड ठेवून निघून जाई आणि कोणाचाही अपमान होत नसे. आता ‘ॲट’ म्हणजे उंबऱ्याशी असा जॉन्सनसाहेबांचा अर्थ घेतला, तर उंबऱ्याशी उभा असलेला पाहुणा हा त्या घरातला एकमेव ‘ॲट होम’ माणूस ठरतो, आणि नेमके त्यालाच परत पाठवले जाते.

हे खोटे बोलणे झाले का, यावर इंग्लंडातल्या भल्याभल्यांनी डोके शिणवले आहे. पहिले खुद्द जॉन्सन. आपण घरात असताना नोकराने ‘घरी नाहीत’ म्हणावे हे त्यांना मुळीच खपत नसे, असे बॉस्वेलने त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, हा केवळ नकार देण्याचा संकेत आहे हे तत्त्वज्ञाला समजेल, नोकराला तो बारकावा कसा कळावा. माझ्यासाठी खोटे बोलण्याची सवय लागली की तो स्वतःसाठीही बोलू लागेल. उलट बाजूला विल्यम पेली हे धर्मशास्त्री. त्यांनी १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात निर्वाळा दिला की, जिथे कोणी फसतच नाही तिथे असत्य असले तरी लबाडी नसते. आणि उदाहरणांत बोधकथांच्या आणि कोर्टात ‘मी निर्दोष आहे’ म्हणणाऱ्या कैद्याच्या पंगतीला हा दारातला नोकर बसवला. दोघांच्या वादात मला पेलींची बाजू सरस वाटते, मात्र त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. ‘नॉट ॲट होम’ हे विधान असत्यसुद्धा नाही. ते जागेबद्दल बोलतच नाही. ते बाईंच्या इच्छेबद्दल बोलते, आणि तेवढ्यापुरते ते शंभर टक्के खरे असते. नोकर खोटे बोलतो आहे असे वाटते, कारण ‘होम’ म्हणजे इमारत अशी आपली भाबडी समजूत.

इथपर्यंत मान डोलावणारा वाचकही वाहनांपाशी अडेल. इंग्रज मोटारीच्या ‘इन’ असतो आणि बसच्या ‘ऑन’. बसला टप आहे, खिडक्या आहेत, कंडक्टर आहे. तरी उतारू ‘ऑन द बस’. विमानाच्या बाबतीत तर हे इतके भयावह आहे की जॉर्ज कार्लिन या अमेरिकन विनोदवीराने त्यावर रंगमंचावरून चौफेर टोलेबाजी केली: विमानाच्या वर चढा म्हणता, मी आपला आत बसेन. शिकवण्यांच्या वर्गात याचे उत्तर तयार असते. ज्यात उभे राहून चालता येते त्याला ‘ऑन’, ज्यात डोके वाकवून शिरावे लागते त्याला ‘इन’. या हिशेबाने मुंबईची सकाळची आठ-पन्नासची लोकल ‘इन’ ठरायला हवी, कारण चालणे सोडाच, तीत नाक खाजवायला हात वर नेता येत नाही. मला वाटते, फरक उंचीचा नसून मालकीचा आहे. मोटार तुमची, टॅक्सीही तेवढ्या वेळापुरती तुमची, तुम्ही सांगाल तिथे वळते. बस तुमच्या सांगण्याने वळत नाही. तिचे वेळापत्रक तुमच्या जन्माआधी ठरलेले असते आणि तुम्ही तिच्यावर नुसते लादलेले असता. सायकल आणि घोडा माझ्या सिद्धांतात बसत नाहीत हे मान्य. पण त्यांच्या आत शिरता येत नाही, तेव्हा इंग्रजांना तिथे निवडच नव्हती. आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत माणसे आगगाडीच्या ‘इन’ही खुशाल बसलेली सापडतात, हेही कबूल. त्या कादंबऱ्यांतली माणसे पहिल्या वर्गाचा डबा घरच्या दिवाणखान्यासारखी वापरत, एवढे माझ्या बाजूने नोंदवून पुढे जातो.

कारण माझा खरा पुरावा पाण्यात आहे. ब्रिटिश आरमारातला जुना नाविक आपण अमुक जहाजा‘वर’ होतो असे म्हणत नाही. ‘इन’ म्हणतो, आणि कोणी ‘ऑन’ म्हटले तर दुरुस्तही करतो. लंडनमध्ये टॉवर ब्रिजपाशी ‘बेल्फास्ट’ ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका १९७१ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकीट काढून आलेला पर्यटक ‘ऑन’ बेल्फास्ट असतो. तिच्यावर नोकरी केलेला म्हातारा ‘इन’ बेल्फास्ट होता. दोघांच्या पायाखाली एकच पोलाद. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे या आरमाराची जमिनीवरची केंद्रेही कागदोपत्री जहाजेच असतात, आणि तिथल्या फाटकातून गावात फेरफटका मारायला निघालेला नाविक ‘किनाऱ्यावर’ जातो, मग समुद्र कितीही लांब असो. ही प्रथा आपल्या नौदलाने वारशाने घेतली. लोणावळ्याला, जिथे पाण्याचा संबंध पावसाळ्यापुरता आणि भुशी धरणापुरता, तिथे डोंगरात ‘आयएनएस शिवाजी’ १९४५ पासून उभी आहे, आणि त्या ‘एस’चा अर्थ जहाज असाच आहे. तिला कोणी हसत नाही. शिस्त जहाजाची असली की जागा जहाजाचीच.

लोणावळा निघालाच आहे तर ‘अप’ आणि ‘डाउन’ही उरकून घेऊ. इंग्लंडात रेल्वेने लंडनकडे जाणे म्हणजे ‘अप’ आणि लंडनपासून दूर जाणे म्हणजे ‘डाउन’. डोंगर, दरी, उत्तर, दक्षिण यांना मत नाही. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाला हे लंडनचे मोठेपण मान्य नसावे. तिथे शिकायला येणारा मुलगा, स्कॉटलंडच्या डोंगरातून उतरला तरी, ‘अप’ येतो, आणि सुट्टी लागली की ‘डाउन’ जातो. परिणामी लंडनचा मुलगा ऑक्सफर्डला ‘अप’ जाताना ‘डाउन’ गाडीत बसलेला असतो. त्याला विद्यापीठाने हाकलले तर तो ‘सेंट डाउन’ होतो. नास्तिकतेवर चोपडी काढल्याबद्दल कवी शेलीचे १८११ साली असेच झाले. आणि न्यायाधीशाने तुरुंगात पाठवलेल्या गुन्हेगारालाही हाच शब्द, म्हणजे पदवी न मिळणे आणि शिक्षा होणे यांत इंग्रजी फारसा फरक करत नाही. अटलांटिकपलीकडे मेन हे राज्य नकाशात बॉस्टनच्या वर आहे, पण बॉस्टनहून शिडाची जहाजे वाऱ्याबरोबर तिकडे जात म्हणून ते ‘डाउन ईस्ट’, आणि तिथली जुनी माणसे दक्षिणेला बॉस्टनला जाताना ‘अप’ जातात. या बाबतीत आपणही मागे नाही. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तो उभा चढ, गाड्यांना मागून इंजिने लावावी लागतात. हा चढ चढून मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी ‘डाउन’, आणि घाट उतरून मुंबईला येणारी ‘अप’. इंजिनाला विचारले तर त्याचे मत वेगळे पडेल. पण महाराष्ट्राने या शब्दांचे सोने केले ते असे की दोन्ही एकत्र बांधून टाकले. आपला माणूस ‘अप-डाउन करतो’. कुठून कुठे, वर की खाली, असे विचारायचे नसते. एवढेच कळते की त्याला रोज पहाटे उठावे लागते आणि त्याच्याकडे पास आहे.

जागेपेक्षा दर्जा महत्त्वाचा, याचा कबुलीजबाब व्याकरणाच्या पुस्तकातही सापडतो. भारतातल्या शाळांवर ज्या रेन आणि मार्टिन या जोडगोळीने वर्षानुवर्षे राज्य केले, त्यांच्या पुस्तकात एक नियम आहे: देश आणि मोठी शहरे असतील तर ‘इन’, लहान गावे आणि खेडी असतील तर बहुधा ‘ॲट’. शहर मोठे कधी होते? नगरपालिका झाल्यावर की महानगरपालिका झाल्यावर? ज्या गावाला ‘ॲट’ लावायचे त्या गावच्या माणसाने काय वाटून घ्यायचे? इंग्लंडात हा नियम आता कोणी फारसा पाळत नाही. तिथे अगदी आडगावातला माणूसही ‘इन’ राहतो. मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘ॲट’ अजून ठणठणीत आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्याला जोडलेले अर्ज, बँकेची पासबुके, सगळीकडे ‘मु. पो.’ आणि त्याचे इंग्रजी रूप ‘ॲट पोस्ट’. ‘मुक्काम’ला ‘ॲट’ कोणी ठरवले ते ठाऊक नसले तरी तो मनुष्य हुशार होता. त्याने ‘ॲट’चा बिंदूशी लावलेला संबंध झुगारून सरळ मुक्कामाशी जोडला: जिथे माणूस टेकतो ते ‘ॲट’. अख्खी गावे आज इंग्रजीत कुठल्या तरी ‘ॲट’च्या मागे उभी आहेत, आणि पत्रे बरोबर पोहोचतात.

आता सर्वांत अवघड आक्षेप. इंग्रजांनाच का धरायचे? मराठी काय वेगळे करते? माणूस ‘घरी’ असतो आणि झुरळ ‘घरात’ असते. सुट्टीत मुंबईकर ‘गावी’ जातो, आणि तिथे पोहोचल्यावर ‘गावात’ जाऊन तंबाखू आणतो. ‘आत’ असलेला माणूस कशाच्या आत आहे हे मराठीत विचारावे लागत नाही, जामीन कधी होणार एवढेच विचारतात. आणि ‘माहेरी’, ‘सासरी’ यांना तर इंग्रजांकडे तोड नाही. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, एक बाई सासरी असते आणि तिची नणंद माहेरी. भाकऱ्या कोण थापते आहे यावरून फार तर कळते कोण कुठे आहे ते. ‘सासरात’ असे कोणी म्हणत नाही, कारण सासर ही जागाच नव्हे. आक्षेप बिनतोड आहे आणि मला तो हवाच होता. माझा वाद इंग्रजी वाईट आहे असा नाही. सगळ्याच भाषा हे करत असाव्यात. वेगळेपण इतकेच की मराठी ते उघडपणे करते. ‘घरी’ शिकवताना मराठीचे मास्तर फळ्यावर बिंदू काढत नाहीत. इंग्रजी मात्र आपली नाती भूमितीच्या वेशात फिरवते, आणि मग जगभरची मुले टेबलावरचे पुस्तक आणि पेटीतला चेंडू पाठ करून, जन्मात कधी न भेटणाऱ्या साहेबाच्या हॉस्पिटलला ‘द’ लावायचा की नाही म्हणून झुरतात.

शिवाय त्या साहेबांचे आपसांत तरी कुठे जमते? अमेरिकेत शाळा, कॉलेज, तुरुंग या सगळ्यांचा ‘द’ काढतात, पण रोगी मात्र ‘इन द हॉस्पिटल’च. याला कारण नाही; माझा आपला एक संशय आहे की तिथले बिल पाहिल्यावर रोगी स्वतःला हॉटेलातला पाहुणाच समजत असावा. स्कॉटलंडची साधी माणसे शाळेलाही ‘द’ लावतात. न्यूयॉर्कचा माणूस रांगेत ‘ऑन लाइन’ उभा राहतो, बाकीची अमेरिका ‘इन लाइन’; संगणक आल्यावर न्यूयॉर्कवाल्यांची झालेली पंचाईत कल्पनेवर सोडतो. इंग्रजांच्या टेबलावर कागद ठेवला की तो चर्चेला घेतात आणि अमेरिकनांनी ठेवला की चर्चेतून काढून टाकतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सेनाधिकाऱ्यांची एका महत्त्वाच्या कागदावरून यामुळे दीर्घ आणि कडवट जुंपली, आणि शेवटी लक्षात आले की दोघांनाही तो कागद ताबडतोब विचारात घ्यायचा होता, असे चर्चिल यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. हिटलरला हे कळले असते तर त्याने गुप्तहेरांऐवजी व्याकरणाचे मास्तर पाठवले असते. आणि देशांनासुद्धा ‘द’ झोंबतो. युक्रेन १९९१ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याने नावाआधी चिकटलेला ‘द’ झटकला, कारण ‘द’ असला की मुलूख वाटतो, देश वाटत नाही. गांबियाने मात्र आपला ‘द’ अधिकृत नावातच घालून सांभाळला आहे. दोघांचेही बरोबर. कोणाचे कोणाशी काय नाते आहे ते ज्याचे त्याने ठरवायचे.

या हिशेबाने हिंदुस्थानात घडलेला ‘आउट ऑफ स्टेशन’ हा प्रयोग मला त्या सगळ्या भाषेतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि पलटणींच्या नेमणुकीच्या गावाला ‘स्टेशन’ म्हणत, आणि ते सोडायला परवानगी लागे. साहेब गेले, तो शब्द उरला. आज नाशिकचा डॉक्टर आउट ऑफ स्टेशन असतो, कोल्हापूरचे प्लंबर असतात, आणि सरकारी नोकराला अजूनही मुख्यालय सोडण्याची परवानगी रीतसर घ्यावी लागते. लंडनमध्ये हे वाक्य टाकले तर ऐकणारा तुम्हाला रेल्वेच्या फलाटाबाहेर शोधेल. यात माणूस कुठे आहे याचा पत्ताच नाही, सांगण्याचा प्रयत्नही नाही. जिथे असायला हवे तिथे तो नाही, आणि त्याचे बिल, सही किंवा गळका नळ परवापर्यंत थांबेल, एवढीच बातमी.

मोबाइल आला तेव्हा वाटले होते की आता तरी माणसे पत्ता सांगतील. सांगू लागली, ‘ऑन द ट्रेन’. २००० साली सुरू झालेल्या ‘ट्रिगर हॅपी टीव्ही’ या ब्रिटिश कार्यक्रमात डॉम जॉली पेटाऱ्याएवढा फोन कानाला लावून शांत ठिकाणी आपला ठावठिकाणा बोंबलत असे, आणि सगळा देश ओळखीचे हसला. पण चालत्या गाडीतून ‘मी गाडीत आहे’ म्हणणे हा पत्ता कसा? वाक्य संपेपर्यंत जागा बदललेली असते. त्याचा अर्थ एवढाच की आवाज तुटला तर रागवू नका आणि जेवण गरम ठेवा. पुढे करोनाच्या काळात माणसे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पायजम्यावर बसून ‘ॲट वर्क’ असू लागली आणि पाच हातांवर शिट्टी वाजवणाऱ्या कुकरपाशी ‘ॲट होम’ नसू लागली. व्हिक्टोरियन बाईंना यात नवल वाटले नसते. तीच माणसे रजा घेतली की त्याच खुर्चीत बसून ईमेलला ‘आउट ऑफ ऑफिस’ असे उत्तर लावून ठेवतात. ते उत्तर आता दारातल्या नोकराऐवजी यंत्र देते, रात्री दोन वाजतासुद्धा देते, आणि पाठवणारा यजमान तेच पत्र दुसऱ्या खिडकीत वाचत असतो. सगळ्यांना ठाऊक असते. कोणी रागावत नाही, आणि यंत्र स्वतःसाठी खोटे बोलायला शिकेल अशी काळजी करायला डॉ. जॉन्सन आता ॲट होम नाहीत.